शेवटच्या पाळीची तारीख

केसपेपरवर पहिला रकाना तोच.
रायलीबेन राठवा, छोटाउदेपूरकडची,
सांगते, होळीच्या हाटाला गेले,
त्यानंतर, चांदणं सरत होतं तेव्हा.
डिंपल सिस्टर डेअरीचं कॅलेंडर मागे चाळते.
मी लिहितो : वीस मार्च, अंदाजे.

कितवी खेप?
ती बोटांची पेरं मोजते. सातवी.
जिवंत?
अंगठा पेरांवरून माघारी येतो,
दोन जागी थांबतो, दाबतो, पुढे सरकतो.
चार, मी लिहितो.
अंगठ्यासाठी रकाना नाही.

हात आधी ऊबदार कर, मॅडम म्हणतात,
मग पोटाला लाव.
तळवे घासतो. बेंबीच्या डावीकडे सापडतात ठोके,
कुणी दोन-दोन पायऱ्या चढत येतंय तसे.
"सांभळवुं छे?" माझी दांडिया बाजारची मोडकी गुजराती.
ती पडद्याकडे तोंड फिरवते.
नको. बाहेर आलं की ऐकेन.

सुरसागरला वळसा घालून घरी येतो.
आई पोळ्या लाटतेय, मी तूप लावतोय.
परीक्षा आहे, असं म्हणून विचारतो :
तुझ्या खेपा किती?
(आमच्या घरात या गोष्टींना नाव नव्हतं,
नुसता कावळा शिवायचा.)

"तीन."

आम्ही दोघे भाऊ.
तव्यावरची पोळी एका बाजूनं करपते.
आई गॅस बारीक करते.
"श्रावणातली होती," म्हणते,
आणि मग,
"किती तूप लावतोस रे."