बाकी

शिंप्याचं बरं असतं.
पैसे नाही मिळाले तर सदरा त्याच्याच खुंटीवर राहतो.
चांभार चप्पल अडवून ठेवतो, लाँड्रीवाला चादरी.
मी काय अडवू?
मरोळच्या त्या बिल्डिंगीच्या एकशे चाळीस काचा पुसल्या
आणि हातात राहिलं
अर्धी बादली काळं पाणी.

वहीत नावं आहेत.
पान अकरा : डॉक्टर पारसनीस, दातांचे, साडेतीन हजार.
ते म्हणतात कंपाउंडरकडे ठेवलेत,
कंपाउंडर म्हणतो डॉक्टरांकडे.
पान चौदा : खंबाटा टाइल्स.
बिल तीनदा नेलं, तीनदा त्यांनी जीएसटी नंबर विचारला.
माझ्याकडचा एकमेव नंबर रेशनकार्डाचा.
पान पंधरा फाटलं. तो सुटला.

अर्धे पैसे आधी घ्यावेत, हे मलाही कळतं.
पण दोर खांद्यावर घेऊन एसीत उभा राहिलो
की जीभ आखडते,
त्यांच्या लादीवर माझ्या बुटांचे ठसे उमटलेले असतात.

नवव्या मजल्यावरचे बियाणी सिंगापूरला गेले होते.
रिसेप्शनच्या पोरीने तसं सांगितलं,
सांगताना ती नखांकडे बघत होती.
त्याच दुपारी दहाव्या मजल्याचं काम होतं, रोखीचं.
ते आटपून खाली उतरताना
पाय नवव्यापाशी आले, मग कंबर, मग तोंड,
आणि समोर बियाणी,
एक मोजा काढून, स्टीलच्या डब्यातून दहीभात खात.

आमच्यात सहा मिलिमीटर काच.
त्यांनी पडद्याची दोरी ओढली, पडदा अर्ध्यावर अडकला.
मी ओरडू शकलो असतो.
काचेवर बोटाने लिहू शकलो असतो : नऊ हजार दोनशे.
आतून ते उलटं दिसलं असतं.
पण हाताला वायपर होता, आणि हाताला एकच गोष्ट येते.
वरून खाली, फडकं, पुन्हा वरून खाली.
सिंगापूर मी लख्ख पुसून दिलं,
फुकट.

नलू म्हणाली, एक काच घाण सोडायची होती,
तेवढीच अद्दल.
तेही करून पाहिलं, पुढच्या खेपेला, दुसऱ्या एका बुडव्याकडे.
चौकोन सोडला, टॉवेलाएवढा.
आतल्या कुणालाही तो दिसला नाही.
मला दिसतो. पुलावरून बस जाते तेव्हा
रोज मान वळते,
स्वतःच्या हाताला लागलेलं खरकटं दिसावं तसा.

वसुली शेवटी धूळच करते.
मेट्रोचं खोदकाम आहे, पलीकडे सिमेंटचा प्लांट,
काच आठ दिवसही टिकत नाही.
दिवाळीच्या आधी बियाणींच्या ऑफिसातून फोन :
फार मळल्यात हो, कधी येताय?
मी म्हटलं, मी सिंगापूरला आहे.
नलू इतकी हसली की दूध उतू गेलं,
मग अर्धा लिटर दुधाचा हिशोब आठवून गप्प झाली.

त्याच संध्याकाळी मोझेस तुस्कानो आला.
दोर त्याचा. हार्नेस त्याचा. बावीसशे त्याचे,
जूनपासून.
त्याने विचारायच्या आत माझ्या तोंडून निघालं,
शुक्रवारी बघू, मोझेसभाई,
अगदी तोच आवाज, थोडा गोड, थोडा घाईतला,
नजर नखांकडे.

तो दारातच थांबला. आत ये म्हटलं, आला नाही.
कोपऱ्यातला दोर उचलला,
वीतभर वीतभर बोटांतून सरकवत गेला,
एका जागी थांबला, दिव्याखाली धरला, वास घेतला.
इथं घासलाय, म्हणाला. उद्या यावर चढू नकोस.
दुसरा पाठवतो.

आणि पैसे, मी म्हटलं.
तो तोवर जिन्यात होता.

वही उलटी केली, मागच्या कोऱ्या पानावर
पहिलं नाव लिहिलं.