व्यवसायाचा प्रकार

सूरच्या बाजारात, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझं टायपिंगचं दुकान. दोन खुर्च्या, एक प्रिंटर,
आणि खिडकीतला एसी, त्याच्या गळक्या पाण्यावर
बाहेरचं एक मांजर जगतं.
लोकांच्या गरजा मी अरबीत टाईप करते.
व्हिसा, बदली, रद्द, तक्रार.
पानाला अर्धा रियाल.

खमीस आला तेव्हा एक खुर्ची बाहेर काढावी लागली.
स्वतःची तो घेऊनच आला होता,
हाताला सायकलचा भोंगा बांधलेली.
म्हणाला, दुकान काढायचंय.
अशा खुर्च्या दुरुस्त करीन.
मस्कतला पाठवली की महिन्याने येते,
तो महिना माणसाला कुठे ठेवायचं?

सरकारी यादीत तसला प्रकारच नव्हता.
खजूर भरणं होतं, उंटांचा चारा होता,
अत्तर, पडदे, पाण्याचे टँकर.
शेवटी मी 'सायकल दुरुस्ती'वर बोट ठेवलं.
तो वाकून बघत राहिला.
"चालेल. चाकं दोनच आहेत.
पुढची बारकी मोजू नकोस."

दुसऱ्या दिवशी एक व्यापारी त्याला शोधत आला.
नाव तुझं, दुकान माझं.
तू घरी बस, महिन्याला शंभर रियाल.

हे कलम माझ्या बोटांना पाठ आहे.
कितीदा टाईप केलंय, न वाचता.

पहिल्यांदा ऐकलं ते मात्र मराठीत.
दादाचा पाय पोलिओने नेला, तिसऱ्या वर्षी.
कणकवलीच्या स्टँडसमोर त्याच्या नावाचा पिवळा बूथ,
पाटीवर 'अपंग' हा शब्द नावाहून मोठा.
गल्ल्यावर काका.
दादा एक तारखेला, सहीपुरता.
मी इथून त्याच बूथवर फोन लावायचे.
काका म्हणायचे, थांब, बोलावणं धाडतो,
आणि तो घरून निघून रस्त्याला लागेपर्यंत
माझे पैसे संपायचे.
लोक म्हणत, पोरगा स्वतःच्या पायावर उभा राहिला हो.
दादा तेव्हा कुबडीचं रबर तपासत बसायचा.

खमीसने व्यापाऱ्याचं सगळं ऐकून घेतलं,
चहासुद्धा पाजला.
मग म्हणाला, नाव माझं असेल
तर पानाही माझाच.

परवान्याच्या कचेरीला तीन पायऱ्या.
खमीसने हाक नाही मारली, भोंगा वाजवला.
एकदा. दोनदा. मग न थांबता.
साहेब शिक्का घेऊन खाली उतरला, भर उन्हात,
टेबल नव्हतं म्हणून
कागद माझ्या पाठीवर ठेवून सही केली.
शिक्का त्याने जरा जोरातच मारला.

आता दुकान चालतं. म्हणजे, रखडतं.
पहिल्या महिन्यात सात सायकली, एक हातगाडी,
एक बाबागाडी, तिच्यात बिस्किटांचा चुरा.
चाकाची खुर्ची एकच,
रास अल हद्दहून आलेली, म्हाताऱ्या मोझाबाईंची,
बेअरिंगमध्ये मूठभर वाळू.
भाडं तीन आठवडे थकलंय.
गल्ल्याचं टेबल त्याने गुडघ्याएवढं करून घेतलंय.
उंच माणसं पैसे देताना कण्हतात,
तो सुट्टे मोजत राहतो,
सावकाश.

रात्री दादाला फोन केला.
आता मोबाईल त्याच्या उशाशी असतो,
पहिल्याच रिंगला उचलतो.
सगळं सांगितलं, भोंग्यासकट, पाठीवरच्या सहीसकट.
हसेल वाटलं होतं.
त्याने विचारलं, गाळ्याचं भाडं किती?
सांगितलं.
वीज धरून?
नाही, वीज वेगळी.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज,
इथला की तिथला कळेना.

"बरं," दादा म्हणाला,
"गल्ल्याची किल्ली कुणाकडे असते?"