कमान

शिफानं कमान मागितली तेव्हा
मला वाटलं, दाराची.
कंधारात उभ्या हयातीत
चौकटी केल्या, तिफणी केल्या,
आता सनमायका चिकटवतो.
"दरवाजे की नै चाचा, तीर की,"
ती हात ताणून म्हणाली, एक डोळा मिटायला गेली,
दोन्ही मिटले.

धनुष्याला धामण लागते हे हातांना ठाऊक होतं,
धनुष्य कधी केलं नसलं तरी.
माळ्यावर कावडीची एक दांडी पडून होती,
कुणी दुरुस्तीला टाकून गेलेला,
पैसे देऊन, परत न आलेला.
सव्वातीन हात. मधून जरा वर गाठ, कवडीएवढी,
आणि गाठीच्या आधीच शीर वळलेली,
ओढ्यात दगड आला की धार वळते तशी.
खालचं टोक भुंग्यानं खाल्लेलं.

पोराला म्हणालो असतो, चुलीला लाव.
गिऱ्हाइकाला म्हणालो असतो,
चालतंय की, लांबी भरू, रंग मारू.
पण ही ओढणार,
आणि गालाजवळ ओढणार.

रंधा खुंटीला राहू दिला.
रंध्याला सरळ तेवढंच कळतं.
वाकस, मग कानस, मग बाटलीच्या काचेचा तुकडा,
आणि बोट शिरेवर ठेवून तिच्या मागं मागं.
ती डावीकडं गेली, मी डावीकडं.
गाठीपाशी लाकूड जाड ठेवलं,
दोन्ही अंगांनी जागा करून दिली,
लग्नघरात रुसलेल्या मामाला
कुणी काही न बोलता खुर्ची सरकवतं तशी.

भुंग्याचं टोक कापलं. वीतभर गेलं.
मग दुसरंही कापावं लागलं, नाहीतर भांडण.
मोठ्या माणसाच्या कामाचं ते आता नव्हतं.

तीन रात्री करडईचं तेल.
अंबाडीची दोरी वळून बसवली
आणि पहिल्यांदा वाकवलं तेव्हा
कट् असा आवाज झाला.
मी जागच्या जागी.
माझंच मनगट वाजलं होतं.

वरची बाजू खालच्यासारखी वाकत नाही.
भिंतीला टेकवून लांबून पाहिलं:
एक खांदा उचललेला,
शेजारी काय शिजतंय याचा वास घेत उभ्या माणसासारखा.
आणखी खरवडलं असतं तर सारखी झाली असती,
किंवा मोडली असती.
काच कोनाड्यात ठेवून दिली.

बाण तुराटीचे, टोकाला चिंध्यांची बोंडं.
पहिला गेला तिच्या अम्मीच्या कुरडयांत.
दुसरा कुठं गेला, अजून सापडला नाही.
चौथ्या दिवसापासून ती त्या कमानीनं
चिंचेच्या फांद्या खाली ओढते, आकडीनं ओढाव्या तशा,
आणि गल्लीतली पोरं खाली ओढणी धरून.
मी काही म्हणालो नाही.
एवढंच आधी सांगून ठेवलं होतं,
रात्री दोरी सोडायची,
लाकडाला ताण देऊन निजवायचं नाही.

परवा लाइट गेलेली.
अंगणात बाजेवर पडलो होतो.
भिंतीपलीकडं दोरी निसटल्याचा आवाज,
मग ती,
"चाचा, छोड दी मैं."
"हाव," म्हणालो.
आणि अंधारात आठवत बसलो
त्या कावडीवाल्याचं तोंड.