दुसरी खाच

कॅनडा कॉर्नरला आतल्या गल्लीत हातिमभाईंचं दुकान.
वडील नटबोल्ट विकायचे, हे मेमरी विकतात;
तागडी अजून काउंटरवर आहे,
तिच्या एका पारड्यात व्हिजिटिंग कार्डं.
मी विचारलं : दोन टेराबाइटची एकच एसएसडी घेऊ
की एकेक टेराबाइटच्या दोन, जोडून?
ते पट्टे पाडून देतात ना, तशा.

हातिमभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि खणातून पत्त्यांचा कॅट काढला.
एक पान इकडे, एक पान तिकडे.
"ही तुमची फाइल.
दोन हात एकदम वाटतात, म्हणून लवकर वाटून होते.
आता हा ढीग गेला समजा."
डावा ढीग उचलून त्यांनी खिशात टाकला.
"उरलेल्यात बघा, काही लागतं का."
इस्पिकची दुर्री, बदामचा गुलाम, चौकटची नव्वी.
राजा होता, राणी नव्हती.
"निम्मं नाही उरत, ताई. काहीच नाही उरत."

"पण वेग?"
"आहे ना. मोठी फाइल ओतताना जवळजवळ दुप्पट.
बाकी मशीन उघडायला, क्लिप शोधायला
तुमच्या बोटाला फरक कळायचा नाही."

मी गप्प.
मला तांबटांच्या लग्नाची फिल्म आठवत होती.

सहा वर्षं सातपूरच्या एका माडीवर
(खाली बेकरी, म्हणून कपड्यांना कायम टोस्टचा वास)
आम्ही दोघांनी लोकांची लग्नं कापली, जोडली.
चित्र माझ्याकडे, आवाज उन्मेषकडे.
गिऱ्हाइकाचं नाव मला पाठ, ठरलेला भाव त्याला.
पासवर्डसुद्धा पहिली चार अक्षरं माझी, पुढची चार त्याची,
गंमत म्हणून.
लोक म्हणायचे, काय फास्ट काम आहे तुमचं!
होतंच.

मग एका गुरुवारी तो हैदराबादला गेला.
भांडण नाही, काही नाही, नोकरी चांगली होती.
जाताना खालून माझ्यासाठी क्रीमरोल घेऊन आला.
तांबटांच्या फिल्ममध्ये
अक्षता उडतात, भटजींचं तोंड उघडतं, मिटतं,
नवरीची मावशी काहीतरी म्हणते,
अख्खा मांडव हसतो,
आणि खोलीत ऐकू येतो फक्त माझा पंखा.
तांबटांनी पैसे कापले नाहीत, रागावलेही नाहीत.
तेच जास्त लागलं.

हातिमभाई पत्ते गोळा करत होते.
"विचार करून या. भाव संध्याकाळीही हाच."

स्कूटर काढली आणि उगाच गोदेकडे उतरले.
घाटावर दुपारचं धुणं वाळत होतं,
पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायाशीसुद्धा नीट पोचलेलं नाही.
लहानपणी वाटायचं, हे दोघं आहेत,
पाठीला पाठ लावून उभे :
एकानं येणारं पाणी बघायचं, एकानं जाणारं.
आज बघितलं तर तोंडं दोन, दगड एक.
पूर आला की गाव विचारतं, कुठवर आलं?
गुडघ्याला, कमरेला, गळ्याला.
बुडतो तो अख्खा बुडतो,
आणि पाणी उतरलं की
अख्खाच वर येतो, डोक्यावर शेवाळ घेऊन.

परत गेले. एकच घेतली.
उरलेल्या पैशांत जुन्या पद्धतीची, गरगर फिरणारी,
घोरणारी एक डिस्क.
दर रविवारी सगळं तिच्यात ओतायचं
आणि ती सिडकोत बहिणीकडे, डाळीच्या डब्यामागे.
बिल लिहिता लिहिता हातिमभाईंनी विचारलं,
"बोर्डावर दुसरी खाच रिकामी राहील. झाकण देऊ?"
म्हटलं, नको. असू दे.

बसवायला एकच स्क्रू, तांदळातल्या खड्याएवढा.
तो दोनदा खाली पडला.

आता रात्री रेंडर लावून बसते.
निळी पट्टी सरकते, जरा सावकाश,
तेवढ्यात चहा होतो.
उन्मेषचा फोन आला तर सांगेन,
आवाज मीच लावते आता,
वाईट लावते,
पण मावश्या काय म्हणतात
ते सगळं ऐकू येतं.