मटाराच्या दाण्याएवढं

टाम्पेरेच्या ट्रामचा शेवटचा थांबा इस्पितळाचा.
रौनी आधी बस चालवायची, आता ट्राम.
तिला हे शहर दोन रंगांत पाठ आहे:
जिथं संडास उघडा असतो
आणि जिथं नसतो.

कुणी विनोद सांगू लागलं
की ती आधी खुर्ची शोधते.
शिंक येणार असं नाकानं कळवलं
की मांड्यांना निरोप जातो.
नातीला, पिह्लाला, वाटतं
आजीला उड्या आवडत नाहीत.

सौनात मात्र निर्धास्त.
तिथं सगळ्याच बायका ओल्या.

नोव्हेंबरात डॉक्टर कायसाने तिच्या डाव्या दंडातून
मटाराच्या दाण्याएवढा स्नायू काढून घेतला.
"दंडच का?"
"तो कधी बाळंत झालेला नाही."
दोघी हसल्या.
रौनी जरा जपून.

मग बाहेर उणे बावीस,
आणि प्रयोगशाळेच्या एका कपाटात सदतीस.
तिथं तिचाच एक कण तिच्यावाचून वाढत होता.
एकाचे दोन, दोनाचे चार.
रोज कपाटावरून ट्राम नेताना तिला वाटे,
कुणीतरी त्याला आत जाऊन सांगावं:
बाबा रे, आजवर तू उचललंस.
बर्फाची फावडी, जुळी पोरं,
आर्वो गेल्यावर त्याचं सुतारकामाचं टेबल, तीन जिने.
आता उचलायचं नाही.
धरायचं.
मिटून राहायचं दिवसरात्र, कुणाला न दिसता.
जमेल?

कायसा कधीच 'होईल' म्हणाली नाही.
'होऊ शकतं' म्हणाली.
काही पेशी रुजतील, काही मरतील,
काही नुसत्या हाका मारून
झोपलेल्यांना उठवतील.
आकडे अजून कच्चे आहेत, म्हणाली,
आणि सुई टोचली.
दोन थांब्यांच्या मधला वेळ, तेवढंच.

फेब्रुवारीत काही नाही.
पिशवीत जादा पँट होतीच.

मार्चच्या एका सकाळी, लाल दिव्यापाशी,
एक म्हातारा घसरगाडीत
आपल्या गलेलठ्ठ कुत्र्याला बसवून
स्वतः ओढत रस्ता ओलांडत होता.
कुत्र्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी.
रौनीला हसू फुटलं, पोटातून,
खांदे हलेपर्यंत.

दिवा हिरवा झाला.
मांड्या आवळायच्या राहूनच गेल्या
हे तिला पुढच्या वळणावर आठवलं.

तिनं चाचपून पाहिलं नाही.
स्वेटरखाली दंडावरचा व्रण जरा खाजत होता.
अजून चार थांबे होते.