शंभर मोजायच्या असतात

मशीननं आकड्यापुढं चांदणी काढली.
चांदणी म्हणजे: माझ्यावर विसंबू नको, डोळ्यानं बघ.
म्हणून साडेपाचला, शहापुरातल्या या माडीवरच्या लॅबमध्ये,
बाकीचे घरी गेल्यावर
मी काचेवर तेलाचा थेंब ठेवला.

नाव: भागीरथी दशरथ कामकर. वय चौसष्ट. वडगाव.
फॉर्म कन्नडमध्ये भरलाय, आकडे इंग्रजीत.
मी मोजते मराठीत, मनातल्या मनात,
पाढ्यांच्या जुन्या चालीवर.

शंभर मोजायच्या असतात. एरवी पाच मिनिटांचं काम.
तांबड्या पेशींची शनिवारच्या बाजारासारखी दाटी,
खांद्याला खांदा, कुणी कुणाला विचारत नाही,
आणि मध्येच कुठंतरी एक जांभळी,
तीन गाठी पडलेल्या दोऱ्यासारखी.
टिक्.
मग पुन्हा नुसता बाजार.
बाजार.
बाजार.
स्लाइड सरकवत राहायची डावीकडून उजवीकडं,
जरा खाली, परत उजवीकडून डावीकडं,
धोट्यासारखी.

भिंतीवरच्या तक्त्यात पांढऱ्या पेशींना बंदुका दिल्यात.
कॅम्पातून पहाटे पळत जाणारी पोरं बघून
कुणाला तरी सुचलं असेल.
मला इतक्या वर्षांत एकही बंदूक दिसलेली नाही.

आक्कांनी जन्मभर कांड्या भरल्या.
मागच्या मंगळवारी सुई टोचताना म्हणाल्या,
"नर्सबाई म्हणाली, बिळी कडिमे. म्हणजे किती गं कमी?
तार तुटली की आमचा माग थांबतोय.
हे आतलं का थांबत न्हाई?"
मी कापूस दाबून धरायला सांगितलं.

आता त्यांना कच्चं काही नको, ताक नको,
परड्यातल्या अबोलीची वेणी नको,
नातवाला सर्दी, म्हणून नातू नको.
फ्रिजवर चिकटवलेल्या यादीत
माणसं आणि भाज्या एकाखाली एक:
कोथिंबीर, शेजारीण, द्राक्षं, लग्न.

एकोणचाळीसला लाईट गेली.
इन्व्हर्टर लागेपर्यंत आकडा तोंडात धरून बसले,
सांडू नये म्हणून.

एकसष्टला स्लाइड संपली.
दुसरी घेतली. तिसरी.
काठाला, जिथं रक्त पिसासारखं विरत जातं,
तिथं ओळीनं चार सापडल्या
आणि मी एकटीच खुर्चीत हसले.
हसण्यासारखं काय होतं त्यात.
शंभरावीला काउंटरची घंटी वाजते.
सव्वासात झाले होते.

शंभर मोजल्या म्हणून काही वाढत नाहीत.
ती नुसती वाटणी: कुठल्या जातीच्या किती.
एकूण नऊशे. त्यातल्या कामाच्या तीनशे साठ.
एवढ्यावर डॉक्टर औषधाची बाटली चढवणार नाहीत.
म्हणजे पुन्हा मंगळवार.

खाली रिक्षा उभी होती. सून वर आली, कागद घेतला,
आकड्यावर बोट ठेवून उभी राहिली.
बैलहोंगलकडची आहे ती;
कुठल्या भाषेत विचारावं ते तिला सुचेना,
कुठल्या भाषेत सांगावं ते मला.
जिन्याच्या खिडकीतून बघितलं, तर
मास्कच्या वर नुसते डोळे, आणि आक्कांची बोटं: किती?
मी तीन दाखवली. मग चौथं, अर्धं दुमडून.
त्यांनी चिमटीत काहीतरी धरलं, पिळलं,
तुटलेली तार सांधतात तसं.
की बोटांना नुसती खाज आली असेल.
रिक्षात उजेड नव्हता.

आत येऊन लेन्सवरचं तेल पुसलं.
काउंटर शून्यावर आणला.