कोल्डरूम नंबर चार

भाचा विचारतो, मामा, तुझ्या वेळचा कुठला बँड
पुन्हा एकत्र आलेला बघायला आवडेल?
तो मोठमोठी नावं घेतो, एकमेकांना कोर्टात खेचलेली माणसं,
जी आता पोटं सुटल्यावर स्टेडियममध्ये गळ्यात गळे घालतात.
तिकीट म्हणे माझ्या दोन पगारांइतकं.

मी म्हणतो, 'गुरुवार रात्र'.

तो फोनवर शोधतो. कुठून सापडणार.
एकच कॅसेट निघाली, शहाण्णव साली, दीडशे प्रती,
देऱ्यातल्या एका टेलरकडे विकायला ठेवलेल्या,
बटणांच्या डब्याशेजारी.

गाणारा हेमकांत तिरोडकर, वेंगुर्ल्याचा,
दिवसा सिमेंटच्या गोणी मोजायचा.
कीबोर्डवर खेडचा मुबीन परकार. ऑफिसात अरबी टाइप करायचा,
म्हणायचा, उजवीकडून डावीकडे जायची सवय लागलीय,
म्हणून माझा डावा हात उशिरा येतो.
ड्रमवर आन्सेल्म. बेसवर रोदेल, मनिलाचा.
त्याला मराठी यायचं ते गाण्यापुरतं.
'माझ्या गावाक वाट नाय' हे तो असं म्हणायचा
की आम्हालाच वाटायचं, खरंच नसेल.

गुरुवार, कारण शुक्रवारी सुट्टी.
आता सुट्टी शनिवार-रविवारवर सरकली.
गुरुवारी लोक कामावरून येतात, डबा घासतात, झोपतात.

सरावाला जागा नव्हती.
बारा जणांच्या खोलीत ड्रम लावला
तर रात्रपाळीवाला चप्पल फेकायचा.
मग मी किल्ली दिली.
हमरियाच्या मासळी गोदामात चार नंबरची कोल्डरूम बंद होती,
कॉम्प्रेसर गेलेला, सहा इंच फोमच्या भिंती.
आत आभाळ कोसळलं तरी बाहेर मांजर जागं होणार नाही.
गोदामाचा एसीवाला मीच.
शेठला सांगितलं, पार्ट इटलीहून यायचाय.

इटलीहून यायला चौदा महिने लागले.

शेजारची तीन नंबर चालू असायची,
तिच्या घरघरीला रोदेल बेस जुळवून घ्यायचा.
म्हणायचा, ही बाई बेसूर होत नाही, हेमकांतसारखी.
सगळ्यांच्या कपड्यांना सुरमईचा वास.
मी दाराशी, उलट्या बादलीवर,
पहिला श्रोता, पुष्कळदा एकटाच.

बँड का फुटला?
टेलर म्हणतो पैशांवरून.
मुबीनची बायको म्हणते, हेमकांतला चढली होती.
आन्सेल्म मिसिसागाहून म्हणतो, फुटतात रे सगळेच.
मी विषय बदलतो.

रमजानच्या आधी शेठने दुसरा मेकॅनिक आणून दाखवला.
तो म्हणाला, हा पार्ट? नाईफमध्ये मिळतो की.
शेठ काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.
दुपारी मी कॉम्प्रेसर दुरुस्त केला.
चाळीस मिनिटं लागली.
रात्री चौघे वाद्यं घेऊन आले
तेव्हा बिजागऱ्यांवर बर्फ धरायला लागला होता.
हेमकांतने दाराला हात लावून बघितला.
म्हणाला, बरं झालं, चालू झालं.
शपथेवर सांगतो, एवढंच म्हणाला.

मागच्या वर्षी मीच व्हिडिओ कॉल जुळवला.
वेंगुर्ला, खेड, मिसिसागा, मनिला.
आन्सेल्मने मोजणी दिली.
हेमकांत अर्धा सेकंद मागे, मुबीन त्याच्याही मागे,
रोदेलचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला,
आणि सुटला तेव्हा तो 'वाट नाय'वर एकटाच होता.
पोट धरून हसले सगळे.
मग मुबीनची डायलिसिसची वेळ झाली.

हे भाच्याला कसं सांगू.
हल्ली मी सुपरमार्केटचे चिलर बघतो.
रात्री दोनला, दुधाच्या खोलीत,
कॉम्प्रेसर घरघरतो, तोच, तीन नंबरचा सूर.
मी पाना खाली ठेवतो.
एक, दोन, तीन, चार,
आणि मेन स्विच खाली ओढतो,
दार लावून क्रेटवर बसतो.

दूध नासणार नाही,
एवढाच वेळ.